दोराचा आणि अंड्यांचा एकच हंगाम

एन्नोरला कडा नाही. कोसस्थलैयार नदीची खाडी, औष्णिक वीज केंद्रांची धुराडी, राखेचे तलाव, बंदरं आणि सपाट वाळू. दोर लावून चढावं असं इथे काही नाही. पण चेन्नईच्या या किनारपट्टीवर हिवाळ्यात जो बहिरी ससाणा उतरतो, त्याची गोष्ट थेट कड्यांपर्यंत जाते. आर्क्टिककडच्या टुंड्रातून तो येतो, उंच मनोरा पाहून बसतो आणि खाडीतल्या पाणपक्ष्यांवर ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने झेपावतो. उन्हं तापायला लागली की परत उत्तरेला. घरटं करायचं ते तिकडच्या उन्हाळ्यात.

याच जातीची एक उपजात मात्र कुठेच जात नाही. ती बारा महिने आपल्याकडेच, सह्याद्रीच्या कड्यांवर राहते. तिचं नाव शाहीन ससाणा. पाठ काळसर, पोट तांबूस आणि अंगाने भावापेक्षा किंचित आटोपशीर. गंमत अशी की दोघांचं वेळापत्रक बरोबर उलटं आहे. उत्तरेचा पाहुणा एन्नोरला थंडीची सुट्टी काढत असतो, तेव्हा इकडे शाहीन संसाराला लागलेला असतो. साधारण डिसेंबर ते एप्रिल हा त्याचा विणीचा काळ. कारण उघड आहे. सह्याद्रीचा जून-जुलै म्हणजे कड्यावरून कोसळणारं पाणी आणि हातभर अंतरावरचं न दिसणारं धुकं. पिल्लांचे पंख त्याआधी तयार व्हायला हवेत.

आणि नेमक्या याच महिन्यांत गिर्यारोहकही कड्यावर असतात! पाऊस ओसरला, कातळ सुकला की दोर, हार्नेस, क्विकड्रॉ बाहेर पडतात ते होळीपर्यंत. पुढे तापलेल्या बेसॉल्टला हात लावायची सोय नाही. युरोप-अमेरिकेत हा संघर्ष निदान अर्धाच आहे. कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या काही भिंतींवरचे रूट, म्हणजे चढाईचे मार्ग, ससाण्यांसाठी साधारण 1 मार्च ते 15 जुलै बंद असतात, पण शरद ऋतूतला उत्तम हंगाम चढाईला उरतो. आपल्याकडे पिल्लं उडून गेल्यावर कडा मोकळा होतो आणि लगेच पाऊस येतो.

बरं, एवढा मोठा कडा, दोघांना पुरू नये? इथे दख्खनच्या दगडाची रचना आडवी येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. मऊ भाग आधी झिजतो आणि तिथे आडवी कपार पडते. वर घट्ट थराचं छप्पर, खाली पाय ठेवण्यापुरती पायरी. चढणाऱ्याला दम खायला, बिलेसाठी, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायला, थांबायला हीच जागा हवी. ससाण्यालाही हीच हवी. तो काटक्या आणतच नाही. कपारीतल्या भुरभुरीत मातीत छातीने आणि पायांनी उथळ खळगा करतो आणि त्यात तीन-चार तांबूस ठिपक्यांची अंडी घालतो. छपरामुळे ऊन लागत नाही, खालून साप-मांजर चढत नाही.

खालून जाणारा माणूस ससाण्याला एवढा खुपत नाही, पण घरट्याच्या पातळीवर किंवा वर आला की त्याचा धीर सुटतो. पक्षी उडाला की अंडी उघडी. ऊन असेल तर शिजतात, पहाट असेल तर गारठतात. पिल्लं मोठी असली तर धोका वेगळाच: घाबरून, पंख पुरते भरण्याआधीच ती उडी घेतात. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तो रूट सगळे मुकाट्याने सोडतात, त्याला ना पाटी लागते ना वन खातं. ससाण्याला डंख नाही, एवढीच त्याची अडचण.

गिधाडांचं प्रकरण याहून नाजूक. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. एका हंगामात एका जोडीचं एकच अंडं, उबवायला जवळपास पन्नास दिवस आणि पिल्लू उडायला त्यापुढे तीन-चार महिने. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने ही जात 1992 ते 2007 या काळात सुमारे 97 टक्क्यांनी घटली. जनावरांसाठी ते औषध 2006 मध्ये बंद झालं, पण वर्षाला एक अंडं या गतीने नुकसान भरून यायला पिढ्या लागतात. म्हणूनच बंगळुरूजवळ रामनगरला, जिथे ‘शोले’चं चित्रीकरण झालं आणि जिथल्या ग्रॅनाइटवर क्लायंबर हात साफ करत, तिथला रामदेवरबेट्ट डोंगर 2012 मध्ये गिधाड अभयारण्य झाला. क्लायंबर हळहळले असतील, पण मला तो निर्णय पटतो.

ससाण्यासाठी मात्र अख्खा डोंगर बंद करायची गरज नसते, आणि याचा सर्वांत सुंदर पुरावा योसेमिटीतच आहे. ती गोष्ट सुरू होते एका विषापासून. डीडीटी कीटकनाशक भक्ष्यातून ससाण्याच्या शरीरात साठलं, कवचात कॅल्शियम नीट उतरेना, आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच अंडी फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्राहकांनी जपलेली जुनी अंडी तपासली, तेव्हा कवच 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाएकी पातळ झाल्याचं दिसलं. 1967 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घातली, तरी विष शरीरात होतंच. 1978 मध्ये एल कॅपिटन या प्रचंड भिंतीवर ससाण्याचं घरटं सापडलं. पुढची काही वर्षं शास्त्रज्ञांनी क्लायंबरांनाच हाताशी धरलं. ते दोरावरून घरट्याशी उतरत, पातळ कवचाची अंडी काढून घेत आणि खोटी अंडी ठेवत. पक्षी इमानाने ती उबवत बसे. खरी अंडी प्रयोगशाळेत उबवली जात आणि पिल्लं पुन्हा दोरावरून घरट्यात पोचत. 1999 मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीतून हा ससाणा बाहेर पडला.

योसेमिटीतली बंदी आज रूटवार असते. घरट्याच्या नजरेत येणारे मोजके रूट बंद, बाकी भिंत खुली. पक्षी त्या वर्षी बसलाच नाही असं दिसलं तर मुदतीआधीच बंदी उठते. ब्रिटनमध्येही गिर्यारोहकांची संघटना पक्षिमित्रांबरोबर बसून कड्यागणिक तारखा ठरवते. ज्यांचा हंगाम जातो, तेच त्या ठरवतात, म्हणून त्या पाळल्याही जातात.

सह्याद्रीत हे करायला फार साहित्य लागणार नाही. कपारीखाली कातळावर ताजे पांढरे ओघळ दिसले, वरून कॅक-कॅक-कॅक असा सततचा कर्कश ओरडा आला आणि पक्षी डोक्यावर घिरट्या घालू लागला, की तिथे अंडी किंवा पिल्लं आहेत असं धरून चालावं. पहिला बोल्ट क्लिप करण्याआधी दुर्बिणीने अर्धा तास कडा पाहिला तर यातलं बहुतेक खालूनच कळतं. मग दोर उचलून दोनशे मीटर बाजूच्या भिंतीवर जायचं, आणि क्लबच्या ग्रुपवर रूटचं नाव व तारीख टाकायची, म्हणजे पुढच्या रविवारी येणारी टोळी त्या कपारीखाली उभी राहणार नाही.