बाबांची बाइक आणि अर्धा सेकंद

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला कात्रजचा जुना घाट उतरून कधी गेलायत का? खेड शिवापूरच्या आसपास चहाला थांबलात तर टपरीशेजारी दहा-बारा बाइक्स रांगेत उभ्या दिसतील. सगळ्या चकचकीत, क्रॅशगार्ड लावलेल्या, मागे बॅगा बांधलेल्या. तुम्हाला वाटतं, कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजचा ग्रुप असणार. मग हेल्मेटं निघतात आणि खालून पांढरे केस बाहेर येतात.

हे पन्नाशी-साठीतले काका लोक आहेत. कॉलेजात असताना यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला लुना किंवा एम-८० आली होती. आरएक्स १०० किंवा येझदी एखाद्याच्याच घरी असायची आणि तिच्यावर एक चक्कर मारायला मिळावी म्हणून त्याची जर्नल्स लिहून द्यावी लागायची. मग नोकरी, लग्न, घराचा हप्ता, मुलांच्या फिया. ते सगळं आटोपल्यावर, मधली वीस वर्षं स्कूटर नाहीतर कार चालवून झाल्यावर, एक दिवस माणूस शोरूममध्ये जातो आणि साडेतीनशे सीसीची गाडी बुक करून येतो. त्यांतला एखादा तुमचा बाबाही असू शकतो.

हा लेख त्यांच्यासाठी नाही. ते वाचणार नाहीत, आणि वाचलाच तर ‘हे शेजारच्या काकांना दाखव’ म्हणतील. लेख तुमच्यासाठी आहे, कारण त्यांच्या मागे डबलसीट तुम्ही बसता. गाडी चालवायची हौस कायम असताना वेग कधी आणि कसा कमी करायचा, हा प्रश्न तुमच्या घरात आज ना उद्या येणार आहे. तो बहुतेक घरांत भांडण होऊनच येतो.

आधी वयाबरोबर नक्की काय बदलतं ते बघू. ‘म्हातारपण आलं’ असं म्हणून काहीच कळत नाही.

सगळ्यात आधी डोळे. चष्म्याचा नंबर हा त्यातला सोपा भाग झाला. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या मुलाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. म्हणजे संध्याकाळी सात वाजता भोर रस्त्यावर तुम्हाला जो खड्डा ‘सरळ दिसतोय’, तो बाबांना आजूबाजूच्या डांबरासारखाच दिसतो. पांढरे पट्टे उडालेला स्पीडब्रेकरही तसाच. त्यात समोरून कुणी एलईडीचा अप्पर मारत आला की डोळे दिपतात आणि परत नीट दिसायला त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाडी पुढे जातच असते. ‘हल्ली लोक लाइट फार जोरात लावतात’ ही बाबांची तक्रार खोटी नाही. पण ती सगळी लोकांबद्दलची नाही.

चष्म्यातही एक गोम आहे. वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा चष्मा असेल, तर थांबताना खाली रस्त्याकडे बघितलं की नजर जवळच्या भागातून जाते. जमीन धूसर दिसते आणि तिचं अंतर चुकतं. पाय नेमका कुठे टेकणार याचा अंदाज जातो.

आणि पाय टेकणं ही किरकोळ गोष्ट नाही. क्लासिक ३५० चं वजन जवळजवळ १९५ किलो असतं. स्प्लेंडर ११२ किलोंच्या आसपास. चालू गाडीला हा फरक फारसा जाणवत नाही, उलट जड गाडी हायवेला बरीच वाटते. जाणवतो तो उतारावर पार्क करताना, वाळूवर पाय सरकल्यावर, यू-टर्न घेताना गाडी एका बाजूला कलली की. विशीत तुम्ही ती मांडीच्या जोरावर सावरता. साठीत गुडघा नाही म्हणतो. या वयातल्या कितीतरी पडापडी वेग शून्य असताना होतात, आणि त्यातली घोट्याची किंवा मनगटाची मोडतोड भरून यायला महिने लागतात.

मान वळवून मागे बघणं कमी होतं. आरशावरच भागवलं जातं. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून बोटं दुखायला लागतात. शिवाय एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे गोळ्या. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, ‘नाश्ता पुढे वाईला करू’ म्हणत साडेपाचला निघालेल्या माणसाची साखर वाटेत उतरू शकते. घाम, थरथर, डोकं गरगरणं, आणि हे सगळं ताशी सत्तरच्या वेगात. सर्दीच्या काही गोळ्यांनी पेंग येते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी उन्हात बराच वेळ बसून एकदम उठलं की अंधारी येते. डॉक्टरांना ‘मी बाइक चालवतो’ हे कुणी सांगत नाही, कारण त्यांनी विचारलेलंच नसतं.

आता त्या अर्ध्या सेकंदाकडे येऊ. बारावीचं फिजिक्स पुरे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर कुत्रं आलं आणि तुम्ही एका सेकंदात ब्रेक दाबलात, तर ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तर गाडी थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४०. हाच प्रतिसाद दीड सेकंदाने आला तर आधीचे १७ मीटर २५ होतात आणि एकूण जातं ४८ मीटरवर. फरक ८ मीटरचा, म्हणजे दोन कार एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढा.

आता तोच दीड सेकंदवाला माणूस ६० ऐवजी ५० ने जातोय असं धरा. प्रतिसादात जातात २१ मीटर. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते १६ वर येतं. एकूण ३७. म्हणजे ५० ने जाणारे बाबा ६० ने जाणाऱ्या तुमच्या आधी थांबतात! सगळ्यांचे प्रतिसाद असे गोल आकड्यांत नसतात, हे मान्य. पण वेग दहाने कमी केला की वयाने घेतलेला अर्धा सेकंद परत मिळतो, थोडा वरच मिळतो. हळू चालवणं म्हणजे हार मानणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासमोर ही आकडेमोड कागदावर करून ठेवा. उपदेशाचा उपयोग नाही, आकड्यांचा कधीकधी होतो.

अनुभवाचं काय, असं बाबा विचारतील. बरोबरच आहे. उभ्या एसटीच्या पुढून माणूस निघणार, रिक्षाचं पुढचं चाक वळलंय म्हणजे ती वळणार, हे त्यांना तुमच्या आधी कळतं. गडबड होते ती या अनुभवाने बाकीची घट झाकली जाते म्हणून. ओळखीच्या रस्त्यावर सगळं ठीक चालतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. अनपेक्षित काही आलं की मगच कळतं.

साताऱ्याच्या माझ्या मामाचं असंच झालं. त्याने ऐन तारुण्यात जुनी बुलेट चालवली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. रिटायर झाल्यावर नवी साडेतीनशे घेतली, तिच्यात अर्थातच उलटं. वर्षभर काही अडचण नाही. एकदा सुरूर फाट्याजवळ म्हैस आडवी आली. हाताने पुढचा ब्रेक लागला म्हणून निभावलं, पण डावा पाय चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने मागच्या ब्रेकसाठी खाली गेला आणि पडला गिअर. मामा पडला नाही. घरी कुणाला बोललाही नाही. महिन्याभराने जेवताना त्याने आपणहून सांगितलं आणि पाठोपाठ स्वतःचे नियम जाहीर केले. सूर्य मावळल्यावर हायवेला गाडी काढायची नाही. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर नाही. धुक्याच्या दिवसांत आंबोली नाही. आणि मामीला लांब डबलसीट न्यायचं नाही. (मामीला याचं काडीचं दुःख झालं नाही. ‘एसटीत निदान झोपता तरी येतं,’ म्हणाली.)

गेल्या वर्षी त्याने साडेतीनशे विकून सव्वाशे सीसीची हलकी गाडी घेतली. ग्रुपमधल्यांनी ‘दूधवाला’ म्हणून चिडवलं. तो अजून दर रविवारी जातो. पोचतो शेवटी, एवढंच.

मामाने स्वतःच ओळखलं. सगळे ओळखत नाहीत. घरात बसून काही खुणा तुम्हाला दिसू शकतात. क्रॅशगार्डवर नवा ओरखडा आणि त्याचं कारण कुणालाच माहीत नाही. पूर्वी तासाभराची चक्कर मारून आलेला माणूस फ्रेश असायचा, आता आल्यावर दोन तास आडवा होतो. रात्रीचं बाहेर जाणं काहीतरी कारण काढून टाळलं जातंय. हे टाळणं मात्र वाईट लक्षण समजू नका, तो शहाणपणाच आहे, फक्त मोठ्याने बोललेला नाही. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे मागे बसून बघा. ब्रेक तुम्हाला वाटतं तेव्हा लागतोय की त्याच्या नंतर? मागे बसून तुमचा उजवा पाय आपोआप दाबला जात असेल तर समजून जा.

कायदा इथे फार मदत करत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. पंचावन्न ओलांडल्यावर नूतनीकरण केलं की पाच-पाच वर्षांनी मिळतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. पण पाच वर्षं हा मोठा काळ आहे, आणि त्या फॉर्मवरची सही किती बारकाईने तपासून मिळते हे आपल्याला ठाऊक आहे. अर्जात एक साधी कसोटी असते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या कारची नंबरप्लेट वाचता येते का? ती तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मिनिटांत घेऊ शकता. आधी स्वतःची घ्या. हॉस्टेलवरच्या अर्ध्या मुलांचे नंबर वाढलेले असतात.

बोलायचं कसं, हा खरा अवघड भाग. ‘बाबा, आता तुमचं वय झालं’ या वाक्याने सुरुवात केलीत तर विषय तिथेच संपला. किल्ली लपवणं तर त्याहून वाईट. ज्या माणसाने तुम्हाला सायकल शिकवली त्याच्याशी असं वागायचं नसतं, आणि तो दुसरी किल्ली करून आणतोच. त्यापेक्षा प्रश्न विचारा. ‘बाबा, परवा येताना समोरच्या लाइटचा त्रास झाला का हो?’ ‘डोळे कधी तपासले होते शेवटचे?’ मोतीबिंदू असेल तर साध्या ऑपरेशनने रात्रीचं दिसणं बरंच सुधारतं, आणि मग गाडी बंद करायचा विषयच मागे पडतो. एकदम ‘बंद करा’ म्हणण्यापेक्षा एकेक गोष्ट कमी करता येते. आधी रात्र, मग पाऊस, मग हायवे, मग डबलसीट. गाडी बदलायचीच असेल तर हलकी आणि एबीएसवाली घ्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना नाही.

रोसीचं उदाहरण बाबांना चालेल. व्हॅलेंटिनो रोसी नऊ वेळा जगज्जेता झाला. मोटोजीपीतली शेवटची शर्यत त्याने २०१७ मध्ये असेनला जिंकली, त्यानंतरही चार वर्षं तो धावत राहिला आणि २०२१ च्या अखेरीस, ४२ व्या वर्षी थांबला. नंतर कारच्या शर्यतींत उतरला. बाबांना रोज भोरला जाऊन जगज्जेतेपद मिळवायचं नाहीये, त्यामुळे त्यांच्याकडे रोसीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं आहेत. फक्त ती साठच्या खाली काढायची.

आणि एखाद्या दिवशी बाबा स्वतःच म्हणाले, ‘आता तूच वापर’, तर नाचू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करा, आणि त्यानंतर चौदा दिवसांच्या आत विमाही नावावर करायला द्या. पंधरा वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण आहे का ते बघा. हेल्मेट त्यांचं वापरू नका, आतला थर्माकोल जुना झालेला असतो. आणि पहिल्याच दिवशी मेकॅनिककडे नेऊन मागचे ब्रेक शू काढून बघायला सांगा. पाच वर्षं हळू चालवलेली गाडी आहे, तेव्हा ते झिजले असले तरी बाबांना कळलं नसेल.