वाट बांधणें आणि वाट राखणें

२००९ सालीं जगभर मंदीची छाया पसरली होती आणि न्यूझीलंडमध्यें बेकारी वाढत होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारींत रोजगाराच्या प्रश्नावर तेथें एक परिषद भरली. देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत एक सलग सायकल-वाट बांधावी, ही कल्पना पंतप्रधान जॉन की यांनीं त्या वेळीं पुढें मांडली. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकांत तिच्यासाठीं ५ कोटी न्यूझीलंड डॉलर मंजूरहि झाले.

परंतु हिशेब मांडतांच अडचण दिसून आली. डोंगर, नद्या आणि खाजगी जमिनी ओलांडीत सलग वाट न्यावयाची, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून योजना बदलण्यांत आली. निरनिराळ्या प्रांतांत आपापल्यापरी पूर्ण अशा वाटा बांधावयाच्या आणि मधलें अंतर कमी रहदारीच्या रस्त्यांनीं जोडावयाचें, असें ठरलें. आज अशा प्रमुख वाटा २३ आहेत.

ह्या निर्णयास अनुभवाचा आधार होता. ओटागो प्रांतांतील एक लोहमार्ग १९९० सालीं बंद पडला. रूळ उचलले गेले, तरी पूल, बोगदे आणि भराव शिल्लक राहिले. आगगाडीला मोठा चढ सोसत नाहीं. त्यामुळें तो मार्ग सायकलस्वारांस आयताच सोयीचा ठरला. स्थानिक विश्वस्त मंडळानें पैसा उभा केला, सरकारी निसर्गसंरक्षण खात्यानें साहाय्य दिलें आणि २००० सालीं सुमारें १५० किलोमीटरांची वाट खुली झाली. ओसाड होऊं पाहणाऱ्या गांवांत खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा निघाल्या.

नव्या वाटांचा सर्व भार सरकारनें उचलला नाहीं. स्थानिक संस्थांनीं सुमारें ३ कोटी डॉलरांची भर घातली. पदरचा पैसा घालणारा मनुष्य त्या कामाची काळजीहि वाहतो, हें त्यामागील व्यवहारज्ञान होय. बांधकामांतून रोजगार मात्र अपेक्षेहून पुष्कळच कमी निघाला. खरी मिळकत पुढें, प्रवासी येऊं लागल्यावर, वाटेकांठच्या गांवांना झाली.

आणि ही मिळकत वाट सुस्थितींत राहील तोंवरच टिकते. पावसानें खडी वाहून जाते, गटारें तुंबतात, पुलांच्या फळ्या कुजतात. २०२३ च्या फेब्रुवारींत गॅब्रिएल चक्रीवादळाच्या पुरानें हॉक्स बे प्रांतांतील वाटांची मोठी हानि केली. बांधणीचा खर्च एकदांच करावा लागतो, राखणीचा दरवर्षीं. सार्वजनिक कामास हात घालणाऱ्यानें हा दुसरा आंकडा पहिल्याबरोबरच मांडावा, हें बरें.