अनोळखी शहरात दिशा कशी सापडते?

परदेशी शहरात राहायला गेलेल्या माणसाला पहिले काही आठवडे एक वेगळाच थकवा येतो. काम फारसं झालेलं नसतं, तरी संध्याकाळी माणूस गळून गेलेला असतो. आता, माहिती तर सगळी हातात असते. फोन आहे, नकाशा आहे, गाड्यांचं वेळापत्रक आहे. मग कमी काय पडतं? ह्या प्रश्नावर आज बोलू, आणि शहर एकच घेऊ : टोकियो. तिथे मी मुलीकडे जवळजवळ तीन महिने होतो, रोज चालत होतो, म्हणून ते.

कामासाठी किंवा शिक्षणासाठी जो जास्त काळ राहायला जातो, त्याला नारिता किंवा हानेदा विमानतळावरच रहिवासाचं कार्ड देतात. त्या कार्डावर पत्त्याच्या जागी छापलेलं असतं की पत्ता अजून ठरलेला नाही, कळवल्यावर मागच्या बाजूला लिहिला जाईल. घर मिळाल्यापासून चौदा दिवसांत प्रभाग कार्यालयात जायचं, मग कार्डाच्या पाठीवर पत्ता येतो. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही त्या दिवशी टोकियोचे झालात. पण त्याच संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे काही ते कार्ड सांगत नाही.

इथे मला कांट आठवतो. कांटनं १७८६ साली एक छोटा निबंध लिहिला, विचारात दिशा कशी धरायची ह्यावर. सुरुवात मात्र तो अगदी साध्या भूगोलापासून करतो. समजा, तुमच्या ओळखीच्या खोलीत काळोख आहे. एका वस्तूला हात लागला की बाकीच्या कुठे आहेत ते कळतं. का कळतं? केवळ वस्तूंची यादी पाठ आहे म्हणून नव्हे, तर डावं-उजवं ह्यांतला फरक तुमच्या शरीराला आतून जाणवतो म्हणून. तो फरक नकाशात नसतो, तो तुम्ही बरोबर घेऊन येता. गंमत बघा, हे सांगणारा माणूस क्योनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून फारसा कुठे गेलाच नाही!

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, आणि दक्षिण ही दिशाही. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, उजव्या हाताला दक्षिण. देवळात देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा. म्हणजे आपल्या भाषेनं दिशा शरीरावरूनच मोजली आहे.

आता टोकियोचा पत्ता. तिथे बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता असतो भागाचा : आधी प्रभाग, मग वस्ती, मग तिचा उपविभाग, ज्याला 'चोमे' म्हणतात, मग रस्त्यांनी वेढलेल्या चौकोनाचा क्रमांक, आणि शेवटी घराचा. १९६२ च्या कायद्यानं ही पद्धत आली आणि ती लागू झालेल्या भागांत घरांचे क्रमांक साधारणपणे चौकोनाभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. थोडक्यात, प्रदक्षिणा घालतात. युरोप-अमेरिकेतून आलेला माणूस इथे हतबुद्ध होतो. त्याच्या मनात पत्ता म्हणजे एक रेघ, रस्ता आणि त्यावर ओळीनं घरं. पण पुण्याच्या पेठांत वाढलेल्याला आश्चर्य कशाचं वाटणार? 'सदाशिव पेठ' आणि पुढे एक आकडा! त्या आकड्यावरून घर सापडलंय असं कधी झालंय का? खुन्या मुरलीधराच्या मागे, चिमण्या गणपतीच्या अलीकडे, असंच सांगावं लागतं. टोकियोतही तेच. स्टेशनचं अमुक दार, समोर दुकान, दुकानाशेजारची गल्ली. आणि तरीही नाही सापडलं तर 'कोबान', म्हणजे नाक्यावरची छोटी पोलीस चौकी. तिथल्या पोलिसाच्या रोजच्या कामाचा मोठा भाग वाटा दाखवण्याचा असतो. भिंतीवर त्या वस्तीचा नकाशा असतो.

रस्त्यावरच्या नकाशांची आणखी एक गोष्ट. तिथल्या बऱ्याच फलकांवर उत्तर दिशा वर नसते. तुम्ही ज्या बाजूला तोंड करून उभे आहात, ती बाजू वर असते. आपण शाळेत शिकलेलो असतो की वर उत्तर, त्यामुळे आधी चिडचिड होते. पण फलक लावणाऱ्यानं कांटचंच ऐकलं आहे असं मला वाटतं : नकाशा आधी शरीराशी जुळवायचा.

मग कुणी विचारेल, फोनही तेच करतो ना? नकाशा आपोआप फिरवतो. फरक असा की फलकासमोर तुम्ही थांबता, बघता, वळता आणि पुढची वाट लक्षात ठेवून चालता. फोनवरचा निळा ठिपका ते लक्षात ठेवणंच काढून घेतो. ठिपका कायम मधोमध, आणि शहर त्याच्याभोवती सरकतंय. तीन महिने असं फिरलात तरी आपलं घर बाजाराच्या कुठल्या अंगाला आहे हे डोळे मिटून सांगता येणार नाही. माझा सल्ला एवढाच : जाताना फोन खिशात ठेवा, येताना वाटलंच तर काढा.

टोकियोत हे जास्तच लागू पडतं, कारण ते शहर नवख्याला आगगाडीतून भेटतं. शिन्जुकूला जमिनीखाली जायचं, दुसरीकडे वर यायचं. मनात शिन्जुकू एक बेट, शिबुया दुसरं बेट, मधे काय आहे त्याचा पत्ता नाही. ही बेटं जोडायला यामानोते लाइन फार उपयोगी. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, तीस स्टेशनं, साधारण तासाभरात एक फेरा. बाहेरच्या रुळांवरची गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाते, म्हणजे सम्राटाचा राजवाडा तिच्या उजव्या हाताला राहतो; पुन्हा प्रदक्षिणाच! आधी एक पूर्ण फेरा बसून करा. मग रोज एक स्टेशन अलीकडे उतरा आणि चाला. दोन स्टेशनांत सरासरी सव्वा किलोमीटरही भरत नाही. निप्पोरी आणि निशी-निप्पोरी तर अर्ध्या किलोमीटरवर आहेत. महिन्याभरात बेटांची जमीन होते.

ह्याला कुणी हौस म्हणेल. ११ मार्च २०११ ला दुपारी भूकंप झाला आणि टोकियोतल्या गाड्या थांबल्या. लाखो माणसं त्या रात्री पायी घरी निघाली, किंवा जाता न आल्यानं अडकून पडली. वर्षानुवर्षं जो प्रवास गाडीतून केला, तो जमिनीवरून कुठून जातो हे शोधण्याची वेळ अनेकांवर आली, आणि ती त्याच शहरातली माणसं होती. (आता सूचना वेगळी आहे. २०१३ पासून टोकियोचा नियम सांगतो की सगळ्यांनी एकदम घरी निघू नये, आणि कंपन्यांनी तीन दिवसांचं अन्नपाणी साठवावं. ते पाळावंच. पण आपल्या वस्तीतलं आश्रयस्थान कुठे आहे, ते आधी चालत जाऊन बघायला कुणाची मनाई नाही.)

शेवटी आमच्या वयाच्या मंडळींसाठी. एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईला आपले बरेच लोक आहेत. त्याच प्रभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तिथल्या बागेत मराठी कानावर पडतं. पण मुलं कामाला गेल्यावर घरात बसून राहणारे आई-बाबाही तिथेच भेटतात. 'चुकलो तर?' ही त्यांची भीती असते, आणि ती खोटी नाही. त्यांना मी सांगायचो, घराचा पत्ता जपानी लिपीत कागदावर लिहून घ्या, रोमन अक्षरांत नको. पहिल्या दिवशी फक्त आपल्या चौकोनाभोवती फिरा, घर उजव्या हाताला ठेवून. दुसऱ्या दिवशी शेजारचा चौकोन. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते शेजारणीकडून समजून घ्या, ओळख तिथूनच होते. आणि जवळची कोबान पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. कागद तिथे दाखवायचा आहे.

प्रश्न असतील तर घेऊ या.