प्रत कुठे होती?

1985 मध्ये औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणारे लहानमोठे व्हेंडर त्याच्याभोवती उभे राहिले. त्यांच्या ऑफिसात संगणक आला तो बहुतेक ठिकाणी टॅलीसाठी. पुढे बॅकअप फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर आणि तिथून क्लाउडवर गेला. या प्रवासाच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जातात. मला मात्र माध्यमापेक्षा जागेचा प्रश्न मोठा वाटतो. मूळ डेटा आणि त्याची प्रत यांच्यात अंतर किती होतं? बराच काळ ते टेबलाच्या वरच्या आणि खालच्या ड्रॉवरइतकंच होतं.

1.44 एमबीच्या फ्लॉपीचे दिवस लवकर सरले. रोज बॅकअप घ्यायची शिस्त लावली ती भारनियमनाने. व्हाउचर टाकता टाकता वीज जायची, यूपीएसने दगा दिला की टॅलीचा डेटा करप्ट व्हायचा आणि अकाउंटंट दोन दिवसांच्या एन्ट्र्या पुन्हा मारत बसायचा. म्हणून संध्याकाळी बॅकअप, तोही डी ड्राइव्हवर! सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात, हे कळायला अनेकांना एक डिस्क घालवावी लागली.

मग 9 ऑगस्ट 2018 उजाडला. मराठा आरक्षणासाठी पुकारलेल्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी वाळूज औद्योगिक वसाहतीत जमाव शिरला. अनेक कंपन्यांची तोडफोड झाली, जाळपोळही झाली. त्यानंतर चर्चा झाली ती सुरक्षेची आणि गुंतवणुकीच्या वातावरणाची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा दिवशी संगणक, त्याला लावलेली एक्स्टर्नल डिस्क आणि कपाटातल्या फाइली एकाच खोलीत असतील, तर तिन्ही एकदमच जातात. संगणकाची भरपाई विम्यातून मिळू शकते. मात्र स्टॉक किती होता, हे दाखवायला लागणारा हिशेबच त्या संगणकात असतो. त्यात जीएसटी येऊन जेमतेम वर्ष झालेलं. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे, असं तो कायदा सांगतो. जळालं म्हणून येणेबाकी माफ होत नाही, पण ती सिद्ध कशी करायची?

गेटबाहेर प्रत हवी, हे तेव्हा पटण्यासारखं होतं. त्यावर सोपा इलाज म्हणून टॅलीचं फोल्डर थेट क्लाउडशी सिंक करून ठेवायचं. इथे दुसरीच गफलत होते. सिंक हा आरसा आहे. इथली फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते, आणि जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय मर्यादित असते. रॅन्समवेअर तर जोडलेली प्रत्येक डिस्क शोधत फिरतं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय आलं. पाठोपाठ 27 जूनच्या नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं बसवलं, त्यात न्हावाशेव्याचं एक टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कच्या एका कळीच्या प्रणालीच्या सगळ्या प्रती गेल्या; वाचली ती घानामधली, कारण तिथे ऐन वेळी वीज गेली होती. भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या मराठवाड्याने हा किस्सा लक्षात ठेवावा. मैलांचं अंतर पुरत नाही, वायर काढलेली असावी लागते. तीन प्रती, दोन माध्यमं, एक बाहेरगावी, या जगभर सांगितल्या जाणाऱ्या नियमात मी म्हणूनच एक सुटी, न जोडलेली प्रत धरून चालतो. शिवाय महिन्यातून एकदा रिकाम्या फोल्डरात बॅकअप रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळतो का, ते पाहायचं. हे काम जवळपास कुणी करत नाही.

आतापर्यंतचं सगळं अकाउंट्सचं झालं. व्हेंडरची खरी कमाई शॉप फ्लोअरवर असते: सीएनसी मशीनमधले प्रोग्राम, ऑफसेट, पॅरामीटर. अनेक कंट्रोलरमध्ये हा मजकूर एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकतो. ती मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. मशीन बंद असताना सगळा भार तिच्यावरच येतो. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि मशीनं आठवडेच्या आठवडे बंद राहिली. जुलैत शहरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली. उतरत आलेल्या बॅटरीची परीक्षा पाहायला एवढं पुष्कळ होतं. पॅरामीटर गेले की मशीन धडधाकट असूनही हलत नाही. आणि सेटरने वर्षानुवर्षं घासून बसवलेला प्रोग्राम तर कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये कंपन्यांसाठी नियम बदलला. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, तोही रोजच्या रोज, ठेवायचा. प्रोप्रायटरी फर्मना तो लागू नाही आणि वाळूज-चिकलठाण्यात अशा फर्म ढिगाने आहेत. प्रोग्रामच्या प्रतीबद्दल तर ऑडिटरही विचारत नाही. तिची आठवण करून देतो मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर, व्हिजिटचं बिल हातात ठेवताना.