सीसाकेतचा संघ नेमका कुणाचा?

सीसाकेत एफसी या थाई फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर कूप्री आहे. कूप्री म्हणजे कंबोडिया आणि त्याला लागून असलेल्या जंगलांतला रानबैल. शास्त्राला त्याची ओळख फार उशिरा, १९३७ मध्ये झाली, तीही पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात नेलेल्या एका वासरामुळे. पूर्ण वाढ झालेल्या नराच्या शिंगांची टोके चिरत जातात आणि त्यांना उसवलेल्या दोरखंडासारखे झुबके फुटतात. गळ्याखालची पोळी एवढी लोंबते, की चालताना जमिनीला टेकेल असे वाटावे. शिकारीने आणि युद्धांनी त्याचा घास घेतला. गेल्या कित्येक दशकांत जिवंत कूप्री पाहिल्याचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. कंबोडियाचा तो राष्ट्रीय प्राणी, आणि सरहद्दीच्या अलीकडे थायलंडमधल्या एका गरीब प्रांताच्या संघाची ओळख.

थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात. वीस प्रांत, देशाची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या आणि बरीचशी पावसाच्या भरवशावरची भातशेती. बँकॉकच्या टॅक्सी चालवायला, इमारती बांधायला आणि कारखान्यांत राबायला माणसे जातात ती मुख्यतः इथून. बँकॉकहून निघालेली रेल्वे बुरीराम, सुरिन, सीसाकेत अशी स्टेशने घेत उबोन रत्चथानीला जाऊन थांबते. सीसाकेतच्या दक्षिणेला डांगरेकचा डोंगर आहे आणि त्याच्या कड्यावर प्रेआह विहेअरचे प्राचीन शिवमंदिर. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कंबोडियाच्या पदरात टाकले. तरीही २००८ ते २०११ या काळात आणि पुन्हा २०२५ मध्ये या सरहद्दीवर तोफा धडाडल्या. एरवी हा प्रांत ओळखला जातो तो लसूण, छोटा कांदा, ज्वालामुखीच्या मातीतला दुरियन आणि हुआय थाप थान स्टेशनावर मिळणारी भाजलेली कोंबडी यांसाठी. ही कोंबडी लोखंडी सळईवर नव्हे, तर मादानच्या चिरलेल्या काडीत धरून भाजतात. मादान हे आपल्या कोकमाच्या कुळातले झाड, त्यामुळे त्याच्या काडीचा आंबूस वास मांसात उतरतो.

अशा प्रांताला स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल संघ असावा, ही कल्पना थायलंडमध्ये फारशी जुनी नाही. थाई फुटबॉल संघटना १९१६ ची, राजा वजिरावुध यांच्या काळातली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे क्लब फुटबॉल म्हणजे बँकॉकचे फुटबॉल होते. संघ असायचे लष्कराचे, पोलिसांचे, बंदराचे, तंबाखू मंडळाचे आणि बँकांचे. थाई फार्मर्स बँकेच्या संघाने १९९४ आणि १९९५ असे लागोपाठ दोनदा आशियाई क्लब विजेतेपद पटकावले. पुढे १९९७ चे आर्थिक संकट आले आणि काही वर्षांतच आशियाचा हा विजेता संघ बंद करण्यात आला. बँकेचा संघ बँकेच्या ताळेबंदावर जगतो, हे तेव्हा स्पष्ट दिसले. त्या संघासाठी रस्त्यावर उतरेल असे गाव त्याच्यामागे नव्हते.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, तीही याच संस्थांच्या संघांची. प्रांतांसाठी १९९९ पासून वेगळी प्रांतिक लीग होती. म्हणजे दोन पंगती. २००६ मध्ये चोनबुरी आणि सुफानबुरी हे प्रांतिक संघ वरच्या पंगतीत आले आणि पुढच्याच वर्षी चोनबुरीने विजेतेपद मिळवले. माझ्या मते थाई फुटबॉलचा खरा कायापालट इथे झाला, कारण लोकांना पहिल्यांदाच आपल्या गावाच्या नावाने ओरडायला मिळाले. बँकॉकमध्ये राबणारा इसानचा माणूस सुट्टीच्या दिवशी आपल्या प्रांताचा शर्ट घालून मैदानात जाऊन बसू लागला. राजधानीत ज्याच्या बोलीची टिंगल व्हायची, त्याला ती बोली मोठ्याने बोलायला एक जागा मिळाली.

सीसाकेत एफसी २०१० मध्ये पहिल्या श्रेणीत, म्हणजे थाई प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्याचे मैदान शहरातले श्री नखोन लामदुआन स्टेडियम. लामदुआन हे प्रांताचे फूल. मोठा उद्योगपती पाठीशी नाही, प्रांतात विमानतळ नाही. तरीही या संघाने बलाढ्य संघांशी घरच्या मैदानावर टक्कर दिली.

नेमक्या याच सुमारास नियम बदलले होते. क्लब ही नोंदणीकृत कंपनी असली पाहिजे, नाहीतर परवाना नाही, अशी अट आशियाई फुटबॉल महासंघाने घातली आणि २००९ पासून थायलंडमध्ये तिची अंमलबजावणी झाली. हेतू चांगला होता. हिशेब उघडे राहावेत आणि सरकारी खात्यांच्या मर्जीवर संघ चालू नयेत, अशी अपेक्षा होती. पण प्रांतिक संघ तोवर चालायचे ते प्रांताच्या क्रीडा संघटनेच्या नावाने, प्रांतिक प्रशासनाच्या मैदानावर आणि स्थानिक पुढाऱ्याच्या खिशातून. आता परवाना कंपनीच्या हाती आला. कंपनी विकता येते, तिचा पत्ता बदलता येतो. प्रांताचा पत्ता बदलता येत नाही.

बदलते पत्ते लगेच दिसू लागले. प्रांतिक वीज मंडळाच्या संघाने २००८ ची लीग जिंकली तेव्हा त्याचे घर अयुथ्थयाला होते. राजकारणातून पाच वर्षांसाठी बाहेर काढले गेलेले बुरीरामचे नेते नेविन चिडचोब यांनी तो संघ हाती घेऊन आपल्या प्रांतात नेला. २०११ मध्ये तो बुरीरामच्या नावाने विजेता झाला आणि त्याच वर्षी तिथे नवे भव्य स्टेडियम उभे राहिले. याच स्टेडियममध्ये २०१९ च्या किंग्ज कपमध्ये भारताने थायलंडला १-० असे हरवले होते. गोल अनिरुद्ध थापाचा. बुरीरामचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. त्या स्टेडियमने एका दुर्लक्षित गावाला नकाशावर आणले. पण अयुथ्थयाच्या प्रेक्षकांचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. तंबाखू मंडळाचा संघ तर काही वर्षांत समुत साखोन, पिचित, चिआंग माई असा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला.

सीसाकेतचे दुखणे याहून खोल होते, कारण इथे मुळातच प्रांताचा असलेला संघ उचलला गेला. संघावर हक्क कुणाचा यावरून तंटा झाला. २०१२ मध्ये संघाचे नाव बदलून इसान युनायटेड झाले आणि तो शेजारच्या उबोन रत्चथानीला जाऊन खेळू लागला. रेल्वेच्या नकाशावर पाहिले तर हे अंतर तासाभराचे. पण पाठीराख्यांनी काय करायचे? नाव गेले, मैदान गेले. उबोनच्या लोकांना तरी तो आपला कसा वाटावा? ‘इसान’ हे नाव वीस प्रांतांचे, म्हणूनच ते कुठल्याही एका गावाचे नव्हते. भांडण कोर्टात गेले आणि २०१३ च्या हंगामात संघाला निलंबित करण्यात आले. त्या वर्षीची लीग अठराऐवजी सतरा संघांची झाली. अख्ख्या प्रांताने एक वर्ष आपल्या संघाविना काढले, आणि ते मैदानावरच्या पराभवामुळे नव्हे, तर कागदपत्रांमुळे.

२०१४ मध्ये सीसाकेत एफसी आपल्या नावाने आणि आपल्या मैदानावर परतला. मला या इतिहासातला सर्वांत सुंदर काळ हाच वाटतो. वर्षभर बंद असलेला संघ पुढच्याच हंगामात, २०१५ मध्ये, लीग कपच्या अंतिम सामन्यात होता. समोर त्याच रेल्वेमार्गावरचा बुरीराम, त्या वर्षी हाती लागेल तो करंडक उचलणारा. सीसाकेत हरला, पण एकाच गोलाने.

तो बहर टिकला नाही. प्रक्षेपणाचा पैसा वरच्या काही संघांभोवती जमा झाला, खेळाडूंचे पगार चढले आणि ज्यांच्यामागे मोठी कंपनी नव्हती त्यांचा श्वास कोंडू लागला. २०१७ च्या अखेरीस सीसाकेत एफसी पहिल्या श्रेणीतून खाली गेला. याच वर्षी प्रांताचेच नाव लावून लढणारा मुष्टियोद्धा सीसाकेत सोर रुंगविसाई याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तोवर अपराजित असलेल्या रोमान गोन्झालेझला हरवून जगज्जेतेपद मिळवले होते. प्रांताचे नाव जगभर झाले आणि त्याच नावाचा फुटबॉल संघ दुसऱ्या श्रेणीत उतरला. उबोनला मधल्या काळात उबोन यूएमटी युनायटेड हा स्वतःचा संघ मिळाला. तो २०१७ मध्ये वर आला आणि २०१८ मध्ये खाली गेला.

या सगळ्याला राजकारण्यांची हाव म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. स्थानिक नेत्याने पैसा घातला नसता, तर यांतले बहुतेक संघ उभेच राहिले नसते. दोष रचनेत आहे. परवाना, नाव, बोधचिन्ह आणि मैदान या चार वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना कंपनीचा असू द्या, तोटा तिच्या माथी आहे. नाव आणि बोधचिन्ह मात्र प्रांताच्या क्रीडा संघटनेकडे राहावे, आणि कंपनीने ते भाड्याने घ्यावे. म्हणजे मालक बदलला, तरी संघाचे नाव गाव सोडणार नाही. जर्मनीत मताधिक्य सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. थायलंडला तेवढे नाही जमले, तरी एवढे नक्की जमेल.

खालच्या श्रेणींत आज सीसाकेतसारख्या बऱ्याच प्रांतिक संघांची गर्दी आहे. २०१७ मध्ये लीगच्या चार पायऱ्या झाल्या आणि २०२० मध्ये चौथी तिसरीत विलीन करून तिसरीचे प्रादेशिक गट पाडले गेले. प्रवासखर्च आवाक्यात राहावा, म्हणून इसानचे संघ इसानमध्येच खेळतात. गटात वरचे आलेले संघ राष्ट्रीय फेरीत जातात आणि तिथून मोजकेच दुसऱ्या श्रेणीत चढतात. सीसाकेत प्रांताच्या नावाने सीसाकेत युनायटेड हा आणखी एक क्लबही याच पायऱ्या चढत आला आहे.