बर्ड फ्लूची बातमी आली की गल्ला का बसतो? छोट्या दुकानदाराने आजच करायची तयारी



परवाच्या व्हिडिओत बर्ड फ्लूवर मी जेमतेम दोन मिनिटं बोललो. विषय त्याहून मोठा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा आणि सोबत एक वही ठेवा, शेवटी हिशोब करायचा आहे.

माझं सोलापुरात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. द्रोण, पत्रावळ्या, पार्सलचे डबे, बटर पेपर. कोंबडीशी आपला संबंध रविवारच्या जेवणापुरता, असंच मी धरून चाललो होतो. मार्च 2025 मध्ये शहरातल्या तलावांच्या परिसरात कावळे आणि इतर पक्षी मरून पडायला लागले. नमुने तपासणीला गेले आणि रिपोर्ट आला: बर्ड फ्लू. झालं! चिकनच्या गाड्यांवरची गर्दी आटली आणि माझे डबे रॅकवर तसेच राहिले.

अंडाभुर्जीचा गाडा लावणारं माझं एक जुनं गिऱ्हाईक. चोख माणूस, उधारी कधी आठवड्यापलीकडे गेली नाही. तो दुकानात येऊन म्हणाला, "दादा, या महिन्याचं पुढच्या महिन्यात देतो." पुढच्या महिन्यात त्याने गाडाच विकला. अंड्यांची उधारी, बचत गटाचा हप्ता आणि घरभाडं, तिन्ही एकदम अंगावर आलं होतं. मी लोकांना धंदा शिकवतो, पण त्या माणसाला "गाडा बंद पडला तर किती दिवस तग धरशील?" असं एकदाही विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं. म्हणून आज तुम्हाला विचारतोय.

आधी आजार समजून घ्या

बर्ड फ्लू हा मुळात पक्ष्यांचा आजार. त्यातला एच5एन1 हा विषाणू जास्त चर्चेत असतो. 1997 साली हाँगकाँगमध्ये तो पहिल्यांदा माणसांत सापडला. 18 जणांना लागण झाली, 6 दगावले. 2003 पासून जगभरात 900 हून जास्त माणसांना लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यातले सुमारे निम्मे दगावले. भारतातही 2021 मध्ये दिल्लीत एका मुलाचा आणि 2025 मध्ये आंध्र प्रदेशात एका लहान मुलीचा मृत्यू झाला.

आकडे वाचून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. आजवर बहुतेक लागण आजारी पक्ष्यांच्या जवळच्या संपर्कातून झाली आहे. माणसाकडून माणसाकडे तो सहज पसरत नाही. शास्त्रज्ञांना काळजी आहे ती इथेच. विषाणू बदलत राहतो. 2024 मध्ये अमेरिकेत तो दुभत्या गायींमध्ये सापडला. उद्या तो माणसांत सहज पसरायला शिकला, तर कोरोनासारखी महामारी येऊ शकते. कधी येईल, येईलच का, हे कुणी सांगू शकत नाही.

नवापूरने शिकवलेला धडा

भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात. फेब्रुवारी 2006, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. गावाची ओळखच पोल्ट्रीची. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तिथे एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही, तरी शेकडो किलोमीटर लांबच्या गावांतही लोकांनी चिकन-अंडी बंद केली. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, तेव्हाही तीच गत. आणि 2020 च्या सुरुवातीला तर कोंबडीचा कोरोनाशी काही संबंध नसताना नुसत्या अफवेने भाव कोसळला.

म्हणजे आजार एका गावात येतो, भीती सगळ्या जिल्ह्यांत पोचते. तुमचा धंदा त्या भीतीच्या वाटेत आहे का, ते तपासा. चिकन विकणारा तर आहेच. पण मसालेवाला, रोटी लाटून देणाऱ्या ताई, बर्फवाला, टेम्पोवाला आणि माझ्यासारखा डबेवालाही त्याच वाटेत उभा आहे.

सरकारी भरपाईच्या भरवशावर राहू नका

पोल्ट्री सुरू करायचा विचार असेल तर हे नीट वाचा. बाधित ठिकाणाभोवती साधारण 1 किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची आणि नष्ट केलेल्या अंडी-खाद्याची. आधीच मेलेल्या कोंबडीची नाही. म्हणून मर दिसली की लपवू नका, लगेच पशुसंवर्धन विभागाच्या 1962 क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवण्यात माणसांचाही धोका आणि पैशाचाही तोटा.

आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून बुडालेल्या विक्रीची भरपाई? ती कुणीच देत नाही. दुकानाचा विमा असेल तर साथीमुळे धंदा बंद पडल्यास काही मिळतं का, हे एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुकानात आजपासून करायच्या गोष्टी

1. स्वच्छता. कोंबडी कापणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि ॲप्रन द्या. कच्च्या मांसाचा सुरा आणि पाट वेगळा. साबणाने हात धुवायची सोय गाड्यावरही हवी. मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका, महापालिकेला कळवा.

2. नीट शिजवा. 70 अंशांच्या वर पूर्ण शिजलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही. अर्धकच्चं आम्लेट, आतून लाल राहिलेलं चिकन बंद म्हणजे बंद.

3. गिऱ्हाईकाशी खरं बोला. "आमचं चिकन शंभर टक्के सेफ" अशी पाटी लावू नका. माल कुठून येतो, कसा धुता, किती शिजवता ते लिहा. लोकांना काम दिसलं की विश्वास बसतो. आणि व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही पुढे ढकलू नका.

4. दुसरा पदार्थ तयार ठेवा. चिकनच्या गाड्यावर पनीर, सोयाबीन किंवा आपली शेंगाची आमटी आणि भाकरी आत्तापासून आठवड्यातून दोन दिवस ठेवा. संकटाच्या दिवशी नवा पदार्थ सुरू केला तर हातही बसलेला नसतो आणि गिऱ्हाईकही नसतं.

5. आजारी कामगाराला घरी पाठवा. पगार कापला जाईल या भीतीने पोरगा ताप लपवून कामाला येतो आणि सगळं दुकान आजारी पाडतो. वर्षाला चार-सहा दिवस पगारी सुट्टी आधीच ठरवून टाका.

6. कागद पूर्ण करा. 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीतून 10,000 रुपयांचं कर्ज आलं. ज्याच्याकडे विक्रेता असल्याचा पुरावा होता त्याचं काम लवकर झालं, बाकीचे चकरा मारत बसले. उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थाचा परवाना आणि बँकेतली उलाढाल ही शांत काळातली कामं आहेत.

आता वही उघडा

दुकान बंद असतानाही जो खर्च थांबत नाही, त्याला मी "बंद शटरचा खर्च" म्हणतो. एक उदाहरण धरू:

दुकानभाडं 8,000
कामगाराचा पगार 9,000
लाईट-पाणी 1,500
कर्जाचा हप्ता 6,500
घरखर्च 15,000
महिन्याला एकूण 40,000

बर्ड फ्लूच्या भीतीने विक्री बसली तर किमान दीड महिन्याची तरतूद हवी, म्हणजे 60,000. रोज 200 रुपये बाजूला काढले तर 300 दिवसांत, म्हणजे दहा महिन्यांत जमतात. महामारी आली तर एवढे पुरणार नाहीत, म्हणून पुढचं टार्गेट तीन महिन्यांचं. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. माल स्वस्त मिळतोय म्हणून त्याला हात लावायचा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. 2020 च्या मार्चमध्ये माझं गोडाऊन भरलेलं होतं आणि खातं रिकामं. लग्नसराईच्या पत्रावळ्या विकत घ्यायला कुणी नव्हतं, आणि पत्रावळ्या देऊन भाडं भरता येत नाही.

हिवाळा जवळ आला की उजनीवर पाहुणे पक्षी येतात, आणि बर्ड फ्लूच्या बातम्याही बहुतेक त्याच सुमारास सुरू होतात. आपल्या गड्ड्याच्या यात्रेचा सीझनही तोच. त्याआधी एवढं करा: आज रात्री शटर ओढल्यावर तुमचा "बंद शटरचा खर्च" लिहून काढा, आणि उद्या सकाळच्या बोहनीतून पहिले 200 रुपये बाजूला टाका. आणि तुमच्याकडून माल नेणाऱ्या एखाद्या छोट्या गाडेवाल्यालाही हा हिशोब करून द्या. मला ते सुचायला उशीर झाला होता.