हेडर फाइलचा शोध आणि संकलकांतील मतभेद

मुरबाडात 'शहापूर' म्हटले की शेजारच्या तालुक्याचे गाव समजले जाते. बेळगावात तोच शब्द त्या शहराच्या एका भागाचा वाचक ठरतो. नाव एकच, पण विचारणारा कोठे उभा आहे यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. सी भाषेतील 'इन्क्लूड' या आदेशाची स्थिती अशीच आहे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने, अवतरणचिन्हांतील नावाचा शोध विफल झाल्यास ते कोनी कंसांतील नाव मानून पुन्हा शोधावे, असे बंधन घातले. शोधाची स्थाने ठरविणे मात्र संकलककर्त्यांवर सोपविले.

अवतरणचिन्हांतील नावासाठी जीसीसी हा संकलक प्रथम ज्या फाइलमध्ये आदेश आहे तिचे फोल्डर पाहतो व नंतर आज्ञेत दिलेल्या मार्गांकडे वळतो. मायक्रोसॉफ्टचा संकलक मध्ये आणखी एक पायरी घेतो : त्या फाइलला समाविष्ट करणाऱ्या फाइलचे फोल्डर, मग तिच्याही आधीच्या फाइलचे, अशी सारी साखळी तो उलट क्रमाने धुंडाळतो.

समजा, जमिनीचे क्षेत्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'ठाणे' फोल्डरातील मुख्य फाइल 'शहापूर' या उपफोल्डरातील 'नोंद' ही फाइल समाविष्ट करते आणि 'नोंद' ही 'मापे' मागते. 'शहापूर'मध्ये 'मापे' नाही. ती 'ठाणे'त आहे आणि त्याच नावाची दुसरी फाइल आज्ञेत दिलेल्या 'मुरबाड' फोल्डरात आहे. मायक्रोसॉफ्टचा संकलक ठाण्याची फाइल घेईल, जीसीसी मुरबाडची. एकीत गुंठा १०१.१७ चौरस मीटर व दुसरीत स्थूलमानाने १०० धरला असेल, तर ४० गुंठ्यांच्या एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटरांचा फरक पडेल. संकलन मात्र दोन्हीकडे निर्वेध पार पडेल; खरा धोका हाच होय. फाइल न सापडल्यास संकलक थांबतो. भलतीच सापडल्यास तो सहसा मूक राहतो.

क्लँग हा संकलक मायक्रोसॉफ्ट-अनुरूप रीतीने चालविल्यास साखळीचा शोध करतो. तथापि हा नियम सर्वत्र चालणारा नव्हे, अशी सूचनाही देतो. ही सूचना दुर्लक्षिली जाऊ नये.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक आदेशात प्रकल्पाच्या मूळ फोल्डरापासूनचा मार्ग लिहावा, ते मूळ फोल्डर सर्व संकलकांना आज्ञेत द्यावे, आणि एका नावाच्या दोन फाइली ठेवू नयेत. समाविष्ट झालेल्या फाइलींची यादी जीसीसी व मायक्रोसॉफ्ट या दोहोंच्या संकलकांकडून मागविता येते. त्या दोन याद्या ताडून पाहिल्यावाचून प्रोग्रॅम उभयत्र एकच आहे, असे मानू नये.